लाल ठिपक्याची गोष्ट

कोड बरोबर दिसतोय, पण उत्तर चुकतंय? डोकं आपटून घेण्याआधी प्रोग्रॅमला मध्येच थांबवा आणि आत डोकावून बघा. एका चुकलेल्या बिलामुळे मला कळलेला डीबगरचा फंडा...

सकाळचे सव्वादहा. हातात चहाचा मग, समोर लॅपटॉप आणि डोक्यावर दिवाळी अंकांच्या तीन डेडलाइन्स. फ्रीलान्सरच्या आयुष्यातली एकदम नॉर्मल सकाळ. तेवढ्यात फोन वाजला.

‘मॅडम, अकाउंट्समधून बोलतोय. तुम्ही काल रात्री बिल पाठवलंत ना, ते स्वतः एकदा उघडून बघितलंत का?’

‘हो... म्हणजे, का? काही राहिलंय का?’

‘राहिलं नाही हो, जास्त झालंय! आमच्याकडे तुमचे दोनच लेख आलेत. बिलात पाच आहेत. बाकीचे तीन कुणाचे?’

मी घाईघाईत पीडीएफ उघडली आणि पोटात गोळाच आला. बिल हवं होतं १२ हजारांचं, झालं होतं ३० हजार ५०० रुपयांचं. वरचे तीन लेख मी एका वेगळ्याच प्रकाशनासाठी लिहिले होते. शीर्षकांसकट, तारखांसकट आणि (इथे माझे हातपाय गार पडले) मानधनाच्या आकड्यांसकट! हे दोन्ही क्लायंट एकमेकांचे थेट स्पर्धक आहेत. म्हणजे एकाचे रेट मी दुसऱ्याच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला सुवाच्य अक्षरात, टेबल करून, लेटरहेडवर पाठवले होते. आई शप्पथ, वाट लागणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

आता म्हणाल, एवढं बिल चुकतंच कसं? तर मंडळी, ते बिल मी बनवलंच नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमने बनवलं होतं. आणि तो प्रोग्रॅम मी बनवला होता!

‘कालपर्यंत तर चालत होतं!’

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये कुणी डाल्गोना कॉफी शिकलं, कुणी केळ्याचा केक. मी पायथन शिकले. मास कॉमची डिग्री, बारावीला गणित ५८, त्यामुळे घरच्यांना ही गंमतच वाटली. पण मला खरंच आवडलं. महिनाअखेरीला बिलं करत बसण्याचा मला भयंकर कंटाळा. म्हणून मी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एका फाइलमध्ये महिन्याभराचे सगळे लेख, त्यापुढे क्लायंट आणि मानधन. प्रोग्रॅमला क्लायंटचं नाव सांगायचं, तो त्याचे लेख निवडून काढणार, बेरीज करणार आणि बिल तयार. मी तर एकदम हवेत! दोन वर्षांहून जास्त काळ ते सुरळीत चाललं होतं.

मग मला अतिशहाणपणा सुचला. दर वेळी तीन क्लायंटसाठी तीनदा प्रोग्रॅम कशाला चालवायचा? एका क्लिकमध्ये तिन्ही बिलं का नको? दोन ओळींचा बदल केला, रात्री पावणेबाराला तो चालवला, तीन पीडीएफ आल्या. पहिली उघडून बघितली. तीन लेख, १८ हजार ५००. परफेक्ट. दुसरी उघडायचा कंटाळा केला आणि सरळ मेल करून टाकली. नशीब म्हणजे तिसरी पाठवायच्या आधी झोप अनावर झाली. कारण ती होती ३७ हजार ७०० ची, जिथे खरा आकडा होता ७ हजार २००!

फोन ठेवला आणि कोडवर तुटून पडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बरोबर. पुन्हा वाचला. बरोबर. दहाव्यांदा वाचला, तरी बरोबरच! बेरजेचं चिन्ह नीट, क्लायंटचं नाव नीट, सगळं नीट. मग मी ते केलं जे सगळे नवशिके करतात. अंदाजपंचे बदल. ही ओळ वर, ती खाली. हे नाव बदल, ते पुसून टाक. लॅपटॉप रीस्टार्ट (हो, तेही!). मग जागोजागी ‘प्रिंट’ टाकले, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मधले आकडे स्क्रीनवर दिसतील. त्यांनी इमानेइतबारे सांगितलं, बेरीज ३० हजार ५०० येतेय. अरे बाबांनो, ते मला अकाउंट्सच्या काकांनी सकाळीच सांगितलं होतं!

सगळ्यात डोक्याला शॉट म्हणजे, फक्त दुसऱ्या क्लायंटचं बिल काढलं की बरोबर १२ हजार यायचे. तिघांची एकत्र काढली की पुन्हा तोच लोचा. एकटा असला की शहाणा, चार जणांत गेला की वेडा. असे मुलगे आपण बघितलेत, पण प्रोग्रॅम?

ताईचा दरबार

दुपारी शेवटी हार मानून बाणेरला ताईकडे गेले. ताई म्हणजे माझी मावसबहीण. हिंजवडीच्या आयटीत दहा वर्षं काढलेली. रात्री दोनला फोन आला तरी ‘सर्व्हर पडला का?’ असं शांतपणे विचारणाऱ्या जमातीतली. तिने कांदेपोहे पुढे ठेवले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पहिला प्रश्न टाकला.

‘तुला काय वाटतं, चूक कुठे आहे?’

‘ते कळलं असतं तर मी आले असते का, ताई?’

‘तसं नाही गं. तुझ्या मते हा प्रोग्रॅम काय करतोय ते मला सांग. एकेक ओळ.’

मी सांगायला लागले. फंक्शन सुरू होतं. लेख ठेवायला एक रिकामी लिस्ट असते. मग फाइलमधला एकेक लेख बघायचा, या क्लायंटचा असेल तर लिस्टमध्ये टाकायचा...

‘थांब. रिकामी असते?’

‘हो, म्हणजे लिहिलंय ना तिथे, रिकामी म्हणून!’

‘लिहिलंय ते मी वाचलं. असते का, ते बघितलंस का?’

मी गप्प. ताईने एक पोह्याचा चमचा तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘तू स्वतःचा लेख स्वतः प्रूफरीड करतेस तेव्हा काय होतं?’

एकदम टाळकंच हललं. स्वतःचा लेख दहादा वाचला तरी चूक दिसत नाही. कारण आपण कागदावर काय आहे ते वाचतच नाही, आपल्याला काय लिहायचं होतं ते वाचतो. म्हणून तर प्रत्येक ऑफिसात मुद्रितशोधक नावाचा दुसरा माणूस लागतो. कोडचंही अगदी तसंच आहे. फक्त इथे तो दुसरा माणूस म्हणजे डीबगर.

प्रोग्रॅमला ‘स्टॅच्यू’!

लहानपणी ‘स्टॅच्यू’ खेळायचो, आठवतंय? कुणीतरी ओरडलं की जिथे असाल तिथे, तसेच थिजून उभे. हात वर असेल तर वर. डीबगर म्हणजे प्रोग्रॅमला घातलेला ‘स्टॅच्यू’. बस, एवढंच! प्रोग्रॅम एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. डीबगर त्याला तुम्ही सांगाल त्या ओळीवर थांबवतो आणि म्हणतो, आता सावकाश बघा, कुणाच्या हातात काय आहे.

माझ्या लॅपटॉपवर व्हीएस कोड आधीपासूनच होतं. तिथे मी आजवर नुसतं टाइप करत होते. ताईने फंक्शनच्या आतल्या पहिल्या ओळीवर, ओळ क्रमांकाच्या डावीकडच्या मोकळ्या पट्टीत क्लिक केलं. एक छोटा लाल ठिपका उमटला. ‘हा ब्रेकपॉइंट. इथे आला की थांबणार.’ मग तिने एफ-५ दाबलं.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि खरंच थांबला! ती ओळ पिवळी झाली. डावीकडे एक खिडकी उघडली होती. त्यात त्या क्षणी प्रोग्रॅमकडे असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी. क्लायंट कोण, तर पहिला. लिस्टमध्ये किती नग, तर शून्य.

‘बघ, रिकामी आहे!’ मी विजयी मुद्रेने म्हणाले.

‘हं. एफ-१० दाबत राहा.’

एफ-१० म्हणजे एक ओळ पुढे. दाबलं, एक ओळ सरकली. पुन्हा दाबलं, पहिला लेख लिस्टमध्ये पडला, शून्याचा एक झाला. पुन्हा पुन्हा दाबत गेले, दोन झाले, तीन झाले. स्वतःचा प्रोग्रॅम असा स्लो मोशनमध्ये चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. बेरीज १८ हजार ५००. सगळं बरोबर.

‘आता एफ-५. म्हणजे पुढच्या ठिपक्यापर्यंत पळ.’

पळाला आणि पुन्हा त्याच ओळीवर थांबला. क्लायंट दुसरा. अजून एकही लेख बघितलेला नाही, कारण फंक्शनची ही पहिलीच ओळ. मी डावीकडे लिस्टकडे बघितलं.

नग तीन.

‘अगं, पण मी अजून काही टाकलंच नाहीये!’ मी जवळजवळ ओरडलेच.

ताई हसली. ‘सापडला.’

दोन वर्षं जे छाती ठोकून ‘रिकामं’ म्हणत होते, ते डोळ्यांसमोर भरलेलं होतं. सकाळपासूनचे चार तास एका बाजूला आणि हे नव्वद सेकंद एका बाजूला. बॉस, कसलं भारी फीलिंग असतं ते!

ताट एकच, पंगती तीन

आता हा झोल नक्की काय होता? पायथनमध्ये फंक्शन लिहिताना तुम्ही सांगू शकता, की अमुक गोष्ट कुणी दिली नाही तर आपली ठरलेली वापर. याला डिफॉल्ट म्हणतात. मी लिहिलं होतं, लिस्ट दिली नसेल तर रिकामी घे. माझी समजूत, फंक्शनला हाक मारली की दर वेळी नवी कोरी लिस्ट मिळणार.

पायथनचं म्हणणं वेगळं. तो ही डिफॉल्ट लिस्ट एकदाच बनवतो, फंक्शनची व्याख्या वाचतो तेव्हा. नंतर कितीही वेळा हाक मारा, तीच लिस्ट पुढे येते. कल्पना करा, खानावळीत पहिल्या पंगतीला ताट मांडलं. जेवण झालं. दुसऱ्या पंगतीला नवं ताट येईल म्हणून तुम्ही बसलात, तर समोर तेच ताट, आधीच्यांच्या उरलेल्या भातासकट! पहिल्या माणसाची काहीच तक्रार नसते. म्हणून एकेक बिल वेगळं काढलं की बरोबर यायचं. त्या वेळी प्रत्येक क्लायंट पहिलाच असायचा ना! म्हणजे चूक त्या रात्री जन्मली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, फक्त दुसऱ्या पंगतीची वाट बघत.

पुरावा म्हणून ताईने आणखी एक गंमत दाखवली. डीबगरमध्ये खाली एक जागा असते, तिथे थांबलेल्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारता येतात. तिने लिस्टचा ‘आयडी’ विचारला, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक. तिन्ही थांब्यांवर एकच लांबलचक आकडा आला. तिन्ही वेळा तीच लिस्ट. खेळ खल्लास!

उपाय दोन ओळींचा. डिफॉल्ट म्हणून लिस्ट द्यायचीच नाही, ‘नन’ म्हणजे ‘काही नाही’ द्यायचं. आणि फंक्शनच्या आत लिहायचं, काहीच आलं नसेल तर आत्ता, इथे, नवी लिस्ट बनव. पुन्हा चालवलं. १८ हजार ५००, १२ हजार, ७ हजार २००. तिन्ही बरोबर.

पायथनवाल्यांमध्ये ही चूक इतकी फेमस आहे, की कोड तपासणारी पायलिंटसारखी टूल्स ती दिसताच बोंब मारतात. ‘लिंटर लावला असतास तर आधीच ओरडला असता,’ ताई म्हणाली. मी विचारलं, ‘आणि एआयला विचारलं असतं तर?’ ती म्हणाली, ‘विचार की. त्यानेही बहुतेक सांगितलं असतं. पण क्लायंटचे आकडे पेस्ट करू नकोस, एकदा वाटलेत तेवढे पुरे! आणि त्याने सांगितलेलं कारण खरं आहे का, हे बघायला परत लाल ठिपकाच लागणार.’

हे असं थांबतं तरी कसं?

मला राहवेना म्हणून हेही विचारून घेतलं. पायथनमध्ये तुमच्या ओळी चालवणारा एक इंटरप्रिटर असतो. डीबगर त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि ‘पुढच्या ओळीवर जाताना मला सांग’ म्हणतो. ठिपक्याची ओळ आली की पकडून ठेवतो. सी-सारख्या भाषांमध्ये प्रोग्रॅम थेट प्रोसेसरवर पळतो. तिथे डीबगर ठिपक्याच्या जागी असलेली मूळ सूचना तात्पुरती काढून एक ‘सापळा’ सूचना ठेवतो. प्रोसेसरचा पाय तिच्यावर पडला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला थांबवते आणि सूत्रं डीबगरकडे देते. पुढे जायचं म्हटलं की मूळ सूचना परत जागेवर. जीडीबी हा यातला जुनाजाणता गडी. रिचर्ड स्टॉलमनने तो १९८६ मध्ये लिहिला आणि आजही तो जोमात आहे.

पण डीबगर म्हणजे रामबाण नव्हे हं. ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक या दिग्गजांनी १९९९च्या आपल्या ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग’मध्ये कबूल केलंय, की ते स्वतः डीबगर बेताबेतानेच वापरतात. एकेक ओळ पुढे जात बसण्यापेक्षा नीट विचार आणि मोक्याच्या जागी टाकलेले प्रिंट त्यांना जास्त पटतात. काही चुका तर अशा लाजाळू, की थांबवून बघायला गेलं की गायब! दोन कामं एकाच वेळी पळत असतात, तिथे वेळेचं गणित बिघडलेलं असतं. तुम्ही एकाला थांबवलं की गणित बदलतं आणि चूक दिसेनाशी होते. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरून अशा चुकीला ‘हायझेनबग’ म्हणतात. आणि हजारो लोक वापरत असलेला सर्व्हर ‘स्टॅच्यू’ म्हणून थांबवता येत नाही. तिथे लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेली डायरीच वाचावी लागते.

किडा आला कुठून?

• ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरच्या एका रिलेमध्ये खराखुरा पतंग अडकलेला सापडला. लोकांनी तो वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, की बग प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच केस. ती वही आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

• हा किस्सा जगभर नेला ग्रेस हॉपर यांनी. त्या मार्क टूच्या टीममध्ये होत्या, पण पतंग त्यांनी स्वतः पकडला नव्हता.

• शब्द मात्र त्याहून जुना. थॉमस एडिसनने १८७८च्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलंय. त्या वहीतल्या जोकची मजा त्यामुळेच आहे.

• १९४९ मध्ये केंब्रिजचे मॉरिस विल्क्स ‘एडसॅक’ कॉम्प्युटरवर काम करत होते. एके दिवशी जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की आता उरलेल्या आयुष्यातला बराच वेळ स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलं.

• ४ जुलै १९९७ ला ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. इंजिनीअर्सनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, कारण पकडलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. तुमचा क्लायंट कितीही लांब असला, तरी मंगळाइतका नक्कीच नाही!

‘पण मी तर एचआरमध्ये आहे!’

कोडिंगशी आपला काय संबंध, असं म्हणून पान उलटू नका. एक्सेलमध्ये फॉर्म्युले लिहिता ना? मग तुम्हीही प्रोग्रॅमर आहात, कार्डावर लिहिलेलं नाही इतकंच. आणि एक्सेलच्या पोटातही छोटा डीबगर लपलाय. चुकीचा आकडा दाखवणाऱ्या सेलवर जा, फॉर्म्युलाज टॅब उघडा, ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ दाबा. तो लांबलचक फॉर्म्युला एकेक पायरीने सुटताना दिसेल. नेमक्या कुठल्या पायरीवर आकडा घसरला ते तिथेच कळतं. शेजारचं ‘ट्रेस प्रेसिडेंट्स’ बाण काढून दाखवतं, की हा सेल कुणाकुणाकडून माल घेतोय. मॅक्रो लिहीत असाल तर एफ-८ ने एकेक ओळ चालवा आणि एफ-९ ने ब्रेकपॉइंट लावा.

वेबसाइटवाल्यांसाठी तर क्रोममध्ये सगळं तयारच आहे. विंडोजवर एफ-१२ दाबा, ‘सोर्सेस’मध्ये जा, ओळ क्रमांकावर क्लिक करा. झाला ब्रेकपॉइंट!

पहिल्यांदा लाल ठिपका लावताय?

१. आधी चूक पुन्हा घडवून आणा. जी चूक हुकमी घडत नाही, ती हुकमी सापडतही नाही. माझी चूक तिन्ही बिलं एकत्र काढल्यावरच यायची. हाच सगळ्यात मोठा क्लू होता, आणि मी त्यावर नुसती चिडत बसले होते.

२. ठिपका लावण्याआधी अंदाज लिहून ठेवा. ‘इथे लिस्ट रिकामी असणार’ असं. मग बघा. अंदाज चुकला की तिथेच मुक्काम करा.

३. एफ-१० म्हणजे पुढची ओळ. एफ-११ म्हणजे त्या ओळीने हाक मारलेल्या फंक्शनच्या आत शिरणं. शिफ्ट आणि एफ-११ म्हणजे बाहेर येणं. दर फंक्शनच्या आत घुसू नका, हरवाल.

४. लूप हजार वेळा फिरतोय? ठिपक्याला अट घाला. ‘क्लायंट दुसरा असेल तरच थांब.’ व्हीएस कोडमध्ये ठिपक्यावर राइट क्लिक केलं की ही सोय मिळते.

५. ‘कॉल स्टॅक’ वाचायला शिका. कुणी कुणाला बोलावलं, त्याची ही साखळी. चोर इथे सापडला तरी त्याला पाठवणारा दोन घरं वर असू शकतो.

६. एका वेळी एकच बदल. पाच बदल केले आणि चूक गेली, तर कशामुळे गेली ते कळत नाही. मग ती परत येते.

७. कुणीच नसेल तर बदकाला सांगा. खरंच! १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकापासून ही युक्ती फेमस आहे. टेबलावर रबरी बदक ठेवायचं आणि त्याला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. अर्ध्या वेळा सांगता सांगताच चूक सापडते. माझ्याकडे बदक नाही, ताई आहे.

मग बिलाचं काय झालं?

कोड दुरुस्त झाला, पण गेलेला मेल परत येत नाही. त्याला एफ-५ नाही. संध्याकाळी आधी अकाउंट्सच्या काकांना फोन केला, माफी मागितली, बरोबर बिल पाठवलं आणि जुनं डिलीट करायची विनंती केली. ‘होतं हो मॅडम,’ ते म्हणाले. पैसे पुढच्या महिन्यात आले. पूर्ण आले.

दुसरा फोन अवघड होता. ज्यांचे रेट मी बाहेर सांडले, त्या संपादक मॅडमना. त्यांना कळलंही नसतं कदाचित. मी अर्धा तास फोन हातात धरून बसले होते. ताई म्हणाली, ‘तुझी इच्छा. पण तुला वाटतंय त्यांना कळणार नाही. बघितलंयस का?’

केला फोन. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस. पण मला विचार करावा लागेल.’ पुढचे दोन महिने त्यांच्याकडून एकही असाइनमेंट आली नाही. मानधनाचा तेवढा खड्डा पडला, भाडं उशिरा गेलं, नव्या फोनचा प्लॅन बारगळला. तिसऱ्या महिन्यात त्यांचा मेल आला. एक लेख, तातडीचा. खाली एकच ओळ जास्तीची होती. ‘बिल पाठवण्याआधी उघडून बघ.’

आता बघते. दर महिन्याला, तिन्ही पीडीएफ, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि ताईचा तो प्रश्न कोडपुरता राहिलेलाच नाही. ‘तो मुद्दाम रिप्लाय देत नाहीये’, ‘बॉस माझ्यावर खार खाऊन आहे’, ‘रूममेटनेच दूध संपवलं’... डोक्यात असं काही वेगाने पळायला लागलं, की मी मध्येच एक लाल ठिपका लावते. असं वाटतंय ते ठीक आहे. बघितलंय का?

दूध, बाय द वे, मीच संपवलं होतं!